यादीबाहेरची भरती

अमावास्या-पौर्णिमेस उधाण, अष्टमीस भांग, एवढें भरतीचें ज्ञान आम्हांस पंचांगावरून होतें. मुंबईस अपोलो बंदरावर मोजलेल्या भरतीच्या नोंदी मात्र १८७८ पासूनच्या आहेत. ता. २६ जुलै २००५ रोजीं गुरुपौर्णिमा होऊन पांच दिवस लोटले होते, भरती ४.४८ मीटरांचीच. परंतु त्याच चोवीस तासांत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला. मिठी नदीनें माहीमच्या उपसागरांत उतरावें कसें? दारांत समुद्र उभा! शेंकडों जीव गेले. हल्लीं महापालिका पावसाळ्यापूर्वीं साडेचार मीटरांवरील भरतींची यादी प्रसिद्ध करते. त्या यादींत ही भरती बसली नसती. म्हणूनच आमच्या सूनबाई पावसाच्या दिवसांत यादीबाहेरच्या भरतीच्या वेळाही भिंतीवर टिपून ठेवितात.