हार्वेस्टर ठरवताना विमाही तपासा

गहू, सोयाबीन काढणीसाठी भाड्याचा हार्वेस्टर ठरवताना आपण एकरी दर विचारतो. विम्याचे विचारायचे राहते. कटरबारमध्ये कुणाचा हात सापडला, तर खर्च कोणी करायचा, हा वाद मग बांधावरच सुरू होतो. यंत्र शेतात उतरण्यापूर्वी हे तपासा :

• एम-परिवहन ॲपवर वाहन क्रमांक टाकून विम्याची मुदत पाहावी. मोटार वाहन कायदा, १९८८ नुसार रस्त्यावर चालणाऱ्या वाहनाला तृतीय पक्ष विमा बंधनकारक आहे.
• पॉलिसीत भाड्याने काम करण्याची मुभा आहे का, ते वाचावे. फक्त स्वतःच्या शेतीवापराची नोंद असल्यास दावा नाकारला जाऊ शकतो.
• चालक व मदतनीस विम्यात समाविष्ट आहेत का, ते विचारावे.
• पॉलिसीचा फोटो मोबाईलमध्ये ठेवावा.

कागद दाखवण्यास टाळाटाळ झाल्यास दुसरे यंत्र ठरवावे.