विश्लेषण : हुकूमशहाने शेजारी देशावर आक्रमण केल्यास जगाच्या हाती काय उरते?

एखाद्या देशाचे सैन्य सीमा ओलांडून शेजारी देशात घुसले, की काही तासांत जगभरातून निषेधाची निवेदने येऊ लागतात. पण निषेधाने रणगाडे थांबत नाहीत. मग इतर देश नेमके काय करू शकतात? तीन आक्रमणांच्या इतिहासातून याचे उत्तर मिळते.

अर्धवट निर्बंधांचे काय होते?

३ ऑक्टोबर १९३५ रोजी मुसोलिनीच्या इटलीने अ‍ॅबिसिनियावर (आजचा इथिओपिया) हल्ला केला. राष्ट्रसंघाने इटलीला आक्रमक ठरवून निर्बंध लादले, पण त्यातून तेल वगळले. इटलीच्या जहाजांसाठी सुएझ कालवाही खुलाच राहिला. जर्मनीविरुद्ध मुसोलिनी आपल्या बाजूने असावा, असे ब्रिटन आणि फ्रान्सला वाटत होते. मे १९३६ मध्ये अदिस अबाबा पडले, जुलैत निर्बंध उठले. राष्ट्रसंघाची पत गेली आणि मुसोलिनी अखेर हिटलरलाच जाऊन मिळाला.

कुवेतच्या वेळी वेगळे काय घडले?

२ ऑगस्ट १९९० रोजी सद्दाम हुसेनच्या फौजा कुवेतमध्ये घुसल्या. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने त्याच दिवशी माघारीची मागणी करणारा ठराव केला, चार दिवसांत व्यापारबंदी लादली आणि नोव्हेंबरमध्ये १५ जानेवारी १९९१ ही अंतिम मुदत दिली. सद्दाम हटला नाही. १७ जानेवारीला अमेरिकेच्या नेतृत्वाखालील आघाडीने युद्ध पुकारले आणि फेब्रुवारीअखेर कुवेत मुक्त झाले. शीतयुद्ध ओसरले होते, त्यामुळे सोव्हिएत संघाने नकाराधिकार वापरला नाही. चीन तटस्थ राहिला. मात्र इराकवरील आर्थिक निर्बंध २००३ पर्यंत चालले. त्यात सामान्य इराकी होरपळले, सद्दामची सत्ता मात्र टिकून राहिली.

युक्रेनसाठी तसेच का करता आले नाही?

२४ फेब्रुवारी २०२२ रोजी युक्रेनवर चाल करून जाणाऱ्या रशियाकडे नकाराधिकारही आहे आणि अण्वस्त्रेही. सुरक्षा परिषदेतील निषेधाचा ठराव रशियानेच रोखला. आमसभेत १४१ देशांनी रशियाविरोधात मत दिले, पण आमसभेचा ठराव बंधनकारक नसतो. त्यामुळे पाश्चात्त्य देशांनी मधला मार्ग निवडला : स्वतःचे सैन्य लढायला न पाठवता युक्रेनला शस्त्रे आणि पैसा द्यायचा आणि रशियावर निर्बंध लादायचे. रशियाच्या मध्यवर्ती बँकेची सुमारे ३०० अब्ज डॉलरची गंगाजळी गोठवण्यात आली. पण रशियाच्या तेलाला चीन आणि भारत हे मोठे ग्राहक मिळाले. आमसभेतील त्या मतदानात हे दोन्ही देश तटस्थ होते.

मग प्रतिसाद कशावर ठरतो?

आक्रमकाकडे अण्वस्त्रे वा नकाराधिकार आहे का, त्याचा मुख्य माल घेणारे किती आहेत आणि विरोधाची किंमत मोजायला इतर देश किती काळ तयार आहेत, यावर. पहिली बाब बाहेरच्या देशांच्या हातात नसते. उरलेल्या दोन मात्र त्यांच्याच निर्णयाच्या असतात. १९३५ मध्ये तेल रोखायचे की नाही, हा असाच एक निर्णय होता.