रिकामी पुंगळी कापण्यापूर्वी

आरे-वारे परिसरात डुक्कर-वानरांपासून पीक राखण्यासाठी परवान्याची बारा बोअर बंदूक बाळगणारे एखादे गिऱ्हाईक आमच्या लेथवाल्या कारागीर बांधवांकडे उडालेल्या पुंगळ्या घेऊन आले आणि "तेवढे तोंड कापून द्या" म्हणाले, तर काय करावे?

आधी कापायचे कशाला, ते पाहू. नव्या काडतुसाचे तोंड सहा किंवा आठ पाकळ्यांत दुमडलेले असते. पुनःपुन्हा भरल्यावर त्या घड्यांवर प्लास्टिक चिरते. अमेरिकेसारख्या देशांत घरी काडतूस भरणारे हौशी लोक चिरलेली कड कापून तोंड गोल आत वळवतात. या वळणाला लांबी कमी लागते.

खरी गोम लांबीतच आहे. काडतुसावर छापलेले ७० मिलिमीटर हे तोंड उघडल्यानंतरचे माप. बऱ्याच जुन्या विलायती बंदुकांत काडतुसाची जागा ६५ मिलिमीटरचीच. मिटलेले काडतूस त्यात बसते, म्हणून माणूस फसतो. बार उडताच तोंड नळीच्या अरुंद भागात उघडते आणि दाब वाढतो. पुंगळी कापून आखूड केली, तरी आतला भार जुन्या नळीला सोसेलच असे नाही.

शिवाय १९५९ च्या शस्त्र कायद्यात काडतुसाचे भाग आणि ते बनवण्याची यंत्रेही 'दारूगोळा' या व्याख्येत येतात. विनापरवाना निर्मितीला २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान ७ वर्षे कैद, कमाल जन्मठेप. चार पैशांच्या मजुरीसाठी ही जोखीम आम्हाला परवडणारी वाटत नाही. गिऱ्हाइकाला परवानाधारक दुकान दाखवावे आणि बंदुकीचे माप तिथेच घ्यायला सांगावे.