घरावरची छत्री : समजून घ्या, म्हणजे फसणार नाही



आपल्या कार्यक्रमाला पत्रं येतात ती बहुतेक बी-बियाणं, खत आणि रोग-किडीची. पण अलीकडे एक वेगळीच तक्रार वारंवार येते. एका शेतकरी बंधूंची हकिगत सांगतो. त्यांच्या घरावर फुकट वाहिन्यांची छत्री आहे. वळवाच्या वादळानंतर टीव्हीवर ‘नो सिग्नल’ अशी अक्षरं आली. दुरुस्तीवाला म्हणाला, ‘बॉक्स गेला, नवा घ्या.’ घेतला. तरी तेच! मग म्हणाला, ‘केबल बदला.’ तीही बदलली. शेवटी शाळेत जाणाऱ्या मुलानं छत्रीचा सैल बोल्ट पाहिला, छत्री बोटभर मागं ढकलली, आणि चित्र आलं. पैसे गेले ते गेलेच. वर त्या आठ-दहा दिवसांत हवामानाचा इशारा कळला नाही आणि खळ्यावरचा माल भिजला, तो वेगळाच.

बंधूंनो, पंप बंद पडला तर आपण आधी फ्यूज बघतो, मग फूट व्हॉल्व्ह बघतो. एकदम मोटार बदलत नाही. छत्रीचंही तसंच आहे. तिचं काम कसं चालतं एवढं कळलं की निम्म्या तक्रारी घरच्या घरी मिटतात.

हे सुरू कधी झालं?

उपग्रहावरून खेड्यात टीव्ही दाखवण्याचा मोठा प्रयोग आपल्या देशात १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ असा वर्षभर झाला. त्याचं नाव ‘साइट’. डॉ. विक्रम साराभाई यांनी हे स्वप्न पाहिलं होतं, पण प्रयोग सुरू होण्याआधीच, १९७१ साली ते गेले. अमेरिकेचा एटीएस-६ हा उपग्रह उसना घेऊन सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० गावांत संच बसवले होते. आपला महाराष्ट्र त्या सहांत नव्हता. गावात एक संच, आणि त्याला दहा फूट व्यासाची, कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीची छत्री. शेतीचे, आरोग्याचे कार्यक्रम बघायला सारा गाव जमायचा.

पुढे १९८३ साली इन्सॅट-१बी हा आपल्या मालकीचा उपग्रह कामाला लागला. डिसेंबर २००४ मध्ये दूरदर्शननं घरोघरच्या छोट्या छत्रीची सेवा सुरू केली. तीच आजची ‘डीडी फ्री डिश’. उपग्रहांची ताकद वाढत गेली, तशी दहा फुटांची छत्री दोन फुटांवर आली.

उपग्रह एका जागी कसा थांबतो?

मळणीच्या वेळी तिवड्याभोवती बैलांची पात फिरताना आपण पाहिली आहे. तिवड्याजवळचा बैल सावकाश चालतो, कडेचा झपाझप चालतो. पण फेरा दोघांचा बरोबरच पुरा होतो. म्हणून आतल्या बैलानं कधीही पाहिलं तरी कडेचा बैल त्याच्या त्याच बाजूला दिसतो.

पृथ्वी हा आतला बैल आणि उपग्रह हा कडेचा. विषुववृत्ताच्या वर सुमारे ३६,००० किलोमीटरवर उपग्रहाचा फेरा पृथ्वीच्या फेऱ्याइतक्याच वेळात पुरा होतो. त्यामुळे आपल्याला तो आभाळात एकाच जागी टांगल्यासारखा वाटतो. म्हणूनच छत्री एकदा रोखली की रोज हलवावी लागत नाही.

दिल्लीच्या भूकेंद्रातून कार्यक्रमाच्या लहरी वर जातात, उपग्रह त्या पकडतो आणि साऱ्या देशावर खाली सोडतो. जाऊन-येऊन ७० हजार किलोमीटरच्या वर प्रवास होतो, पण वेळ लागतो पाव सेकंद!

सामान चारच, पण काम प्रत्येकाचं वेगळं

१) छत्री (डिश) : हिच्यात वीज नाही, यंत्र नाही. पत्र्यावर पडलेलं पावसाचं पाणी पन्हळीनं गोळा होऊन एका हंड्यात पडतं ना? तसंच. उपग्रहाच्या लहरी जमिनीवर येईपर्यंत फार क्षीण होतात. छत्री त्या गोळा करून पुढच्या एका बिंदूवर टाकते. म्हणून तिचा आकार महत्त्वाचा. पोचा पडला, वाकली, तर लहरी भलतीकडे जातात. रंग उडाला तर बिघडत नाही, पण गंज धरू देऊ नका.

२) एलएनबी : छत्रीच्या पुढं दांडीवर बसवलेला डबा. हा हंडा समजा. आलेल्या लहरी इतक्या जलद कंपनांच्या असतात की केबलमधून तशाच सोडल्या तर वाटेतच जिरतील, कच्च्या पाटात पाणी मुरतं तशा. एलएनबी त्यांची कंपनं कमी करतो, जोर वाढवतो आणि मग केबलमध्ये सोडतो. त्याच्या तोंडावर प्लॅस्टिकचं झाकण असतं. ते फुटलं तर आत पाणी आणि किडे शिरतात.

३) केबल : मधे तांब्याची किंवा तांब्याचा मुलामा दिलेली तार, भोवती पांढरा थर, त्यावर जाळी, वर काळं कातडं. हिच्यातून कार्यक्रम खाली येतो, आणि त्याच केबलमधून बॉक्स एलएनबीला वीज वर पाठवतो. काही वाहिन्यांसाठी १३ व्होल्ट, काहींसाठी १८ व्होल्ट. म्हणूनच कधी काही वाहिन्या दिसतात आणि काही गायब होतात. तसं झालं तर केबल, तिची पिन किंवा एलएनबी यांच्यावर संशय घ्या.

४) बॉक्स : आलेली सांकेतिक माहिती उलगडून चित्र आणि आवाज करणारी पेटी. जुन्या एमपीईजी-२ बॉक्सवर नव्या पद्धतीच्या काही वाहिन्या दिसत नाहीत. एमपीईजी-४ बॉक्स दोन्ही प्रकार दाखवतो. नवा घेताना एवढं विचाराच. पक्की पावती आणि हमीपत्र मागून घ्या.

फ्री डिशला सामानाचा एकदाच खर्च येतो. महिन्याचं भाडं नाही, रिचार्ज नाही. कुणी त्या नावानं दरमहा पैसे मागत असेल तर देऊ नका. खाजगी कंपनीची छत्री घेतली तर मात्र रिचार्ज लागतो.

जागा आणि दिशा

फ्री डिशच्या वाहिन्या ९३.५ अंश पूर्व रेखांशावरच्या जीसॅट-१५ उपग्रहावरून येतात. आपल्या मुलखातून तो आग्नेयेला दिसतो. होकायंत्रावर उत्तरेकडून मोजलं तर दक्षिण कोकणात सुमारे १२७ अंश, पुण्याला १३२, छत्रपती संभाजीनगरला १३६ आणि नागपूरला १४५ अंश. उंची महाराष्ट्रभर जमिनीपासून ५७ ते ६२ अंश, म्हणजे क्षितिज आणि डोक्यावरचं आभाळ यांच्या मध्यापेक्षा थोडी वर. होकायंत्र मोबाइलमध्येही असतं. पण पत्रा, गज, ट्रॅक्टर यांच्याजवळ धरलं तर ते चुकीचं दाखवतं.

एक गोष्ट पुष्कळांना फसवते. या छोट्या छत्र्यांची दांडी खालच्या बाजूनं येते. अशी छत्री आपल्याला दिसते त्यापेक्षा बरीच वर बघत असते. तोंड खाली वाटतं म्हणून ती आणखी आडवी करू नका. मागच्या पट्टीवर अंशांच्या खुणा असतील तर त्या प्रमाण माना.

आग्नेयेला झाड, भिंत, पाण्याची टाकी आड येता कामा नये. हिशेब सोपा आहे. झाड छत्रीपेक्षा जितकं उंच, त्याच्या दोन-तृतीयांश अंतर तरी मधे ठेवा. ३० फूट उंच असेल तर २० फूट. आंबा, नारळ दरवर्षी वाढतो, हेही ध्यानात घ्या. उन्हाळ्यात पानगळीत बसवलेली छत्री पावसाळ्यात पालवी आली की रुसते, याचं कारण हेच.

आणखी एक गंमत सांगतो. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात, आणि सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरच्या आरंभी, सकाळी अकराच्या सुमारास सूर्य बरोबर उपग्रहाच्या मागं येतो. तेव्हा काही दिवस रोज थोडी मिनिटं चित्र फाटतं. घाबरू नका, आपोआप सुधारतं. उलट त्याचा फायदा घ्या. त्या दिवसांत अकरा वाजता छत्रीवर झाडाची सावली पडली, तर तेच झाड आड येतंय असं समजा.

बसवण्याची रीत

१) आधी खांब. तो ओळंब्यानं अगदी सरळ उभा करा आणि पक्का करा. खांब कललेला असेल तर अंशांच्या साऱ्या खुणा खोट्या ठरतात. डगमगणाऱ्या कौलावर किंवा नुसत्या पत्र्यावर छत्री बसवू नका.

२) बॉक्स बंद करून केबल जोडा. पिन लावताना जाळीची एकही तार मधल्या तारेला चिकटू देऊ नका, नाहीतर शॉर्ट होईल. केबलला मधे पीळ मारून सांधे देऊ नका.

३) बॉक्स सुरू करा. मेनूत एलएनबीचा प्रकार विचारला तर ‘युनिव्हर्सल’ किंवा ९७५०-१०६०० निवडा. सिग्नलची पट्टी पडद्यावर आणा.

४) एकजण टीव्हीजवळ, एकजण छत्रीजवळ. उंची खुणेवर ठेवा आणि छत्री आग्नेयेच्या आसपास अगदी सावकाश फिरवा. केसभर सरकवा, दोन-तीन श्वास थांबा, मग पुढं. बॉक्सला सिग्नल ओळखायला वेळ लागतो. घाईनं फिरवलं तर हाती आलेली जागा निसटते.

५) ‘क्वालिटी’ची पट्टी जास्तीत जास्त येईल तिथं नट आळीपाळीनं आवळा. आवळताना छत्री हलते, म्हणून पट्टीवर नजर ठेवा. मग खांबावर रंगानं खूण करा. वादळानंतर ती खूण बघितली की छत्री सरकली का, हे लगेच कळतं.

एवढी काळजी कशाला? तर दोन फुटी छत्रीचा काठ दीड-दोन सेंटिमीटर, म्हणजे बोटभर सरकला, की उपग्रहाच्या उंचीवर नेम सुमारे दोन हजार किलोमीटरनं चुकतो!

६) पिनेवर पाणी शिरू नये म्हणून चिकटपट्टी घट्ट गुंडाळा. घरात शिरण्याआधी केबलला खाली झोळ द्या, म्हणजे ओघळ तिथंच गळून पडेल.

चित्र गेलं तर या क्रमानं बघा

पहिलं, शेजाऱ्याकडे विचारा. त्यांचंही गेलं असेल तर दोष वरचा आहे, थांबा. दुसरं, दाट ढग आणि जोराचा पाऊस असेल तर लहरी पाण्यात जिरतात. सर ओसरली की चित्र येतं, कशालाही हात लावू नका. तिसरं, बॉक्स बंद करून दोन्ही टोकांच्या पिना काढा, हिरवा गंज किंवा ओल दिसली तर पिन नवी लावा. उंदरानं केबल कुरतडली का बघा. चौथं, खांबावरची खूण जुळते का पाहा. पाचवं, एखादीच वाहिनी गेली असेल तर वाहिन्यांचा पुन्हा शोध घ्या, म्हणजे रीस्कॅन करा. फ्री डिशवरच्या वाहिन्या बदलत असतात.

हे सगळं करून भागलं नाही तरच बॉक्सकडे वळा. त्याचीही परीक्षा आधी घ्या. आपला बॉक्स शेजाऱ्याच्या फ्री डिशच्या केबलला लावून बघा. तिथं चालला तर बॉक्स चांगला आहे. कुणी काही म्हटलं तरी नवा घेऊ नका.

जिवाला जपा

लोखंडी खांब उभा करताना किंवा उतरवताना विजेच्या तारांपासून लांब राहा. खांब कलला तर तारेला लागेल इतक्या जवळ काम करूच नका. ओल्या गच्चीवर, वाऱ्यात, एकट्यानं चढू नका. खांबाला चांगलं आर्थिंग द्या. विजा चमकू लागण्याआधी बॉक्सची आणि टीव्हीची प्लग काढा, छत्रीची केबलही बॉक्सपासून सोडवा. गडगडाट सुरू झाल्यावर मात्र केबलला हात लावू नका. चित्र राहिलं तर राहू द्या, त्या वेळी बातम्या ऐकायला सेलवरचा रेडिओ आहेच.

लक्षात ठेवा

खांब सरळ, बोल्ट घट्ट, पिन कोरडी, आग्नेय मोकळी. या चार गोष्टी सांभाळल्या तर छत्री वर्षानुवर्षं कुरकुर करत नाही. तिच्यावर सह्याद्री वाहिनी आहे, २६ मे २०१५ पासून सुरू झालेली डीडी किसान आहे, आणि आकाशवाणीच्या वाहिन्याही ऐकता येतात. सामान आपलं आहे, पैसा घामाचा आहे. तेव्हा दुरुस्तीवाला आला तर त्याच्याबरोबर वर चढा, काय बदललं ते विचारा आणि काढलेला जुना भाग मागून घ्या.

हे पत्रक टीव्हीशेजारी भिंतीला लावून ठेवा. घरातल्या मुलामुलींना वाचून दाखवा. आणि तुमच्या छत्रीचा काय अनुभव आला, तो आम्हाला जरूर कळवा.