नैर्ऋत्य वारा : कोठून आणि कोठे?

जूनच्या आरंभी 'नैर्ऋत्य मोसमी वारे' हे शब्द बातम्यांतून आपल्या कानांवर येऊ लागतात. एकदा वर्गात गोव्याचा नकाशा काढून मी मुलांना या वाऱ्याचा बाण दाखवावयास सांगितले. बहुतेकांनी बाणाचे टोक नैर्ऋत्येकडे, म्हणजे भर समुद्राकडे केले. एका मासेमाराच्या मुलाने मात्र ते किनाऱ्याकडे वळविले. कारण विचारता, हा वारा होडीला काठाकडे लोटतो, असे तो म्हणाला. पुस्तक न उघडता त्याने बरोबर उत्तर दिले होते.

वाऱ्याला नाव मिळते ते तो जिकडून येतो त्या दिशेवरून. हवामानशास्त्रातही उत्तरेपासून उजवीकडे अंश मोजून वाऱ्याच्या येण्याची दिशा सांगतात. २२५ अंशांचा वारा म्हणजे नैर्ऋत्येकडून ईशान्येकडे वाहणारा वारा. सागरी प्रवाहांची रीत याच्या उलट आहे; ते जिकडे जातात ती त्यांची दिशा मानतात. म्हणून घोटाळा सहज होतो.

वाऱ्याच्या बाबतीत ही रीत सयुक्तिक आहे. कारण तो सोबत काय आणणार, हे तो कोठून आला यावर अवलंबून असते. दक्षिण गोलार्धातील आग्नेय वारे विषुववृत्त ओलांडतात, पृथ्वीच्या परिवलनामुळे उजवीकडे वळतात आणि नैर्ऋत्य वारे बनतात. अरबी समुद्रावरील बाष्प घेऊन ते सर्वसाधारणपणे १ जूनच्या सुमारास केरळात व त्यानंतर काही दिवसांत गोव्यात पोहोचतात. हिवाळ्यात जमिनीवरून येणारा ईशान्य वारा आपल्याकडे कोरडाच असतो.

आता शब्दाविषयी. निर्ऋती ही या दिशेची अधिष्ठात्री देवता. तिच्यावरून 'नैर्ऋत्य' हा शब्द झाला. म्हणून 'ऋ'वरचा रफार गाळून 'नैऋत्य' लिहिणे अशुद्ध होय.

परंतु रफार चुकला तर केवळ गुण जातात. 'कडे' आणि 'कडून' यांची अदलाबदल झाली तर त्याहून अधिक जाऊ शकते. यंत्र बंद पडलेली होडी नैर्ऋत्य वाऱ्यात किनाऱ्याच्या खडकांकडे ढकलली जाते, तर ईशान्य वाऱ्यात खोल समुद्राकडे. तेव्हा हवेचा इशारा लिहिताना वा दुसऱ्यास सांगताना नुसते 'नैर्ऋत्य वारा' म्हणून थांबू नये. 'नैर्ऋत्येकडून येणारा वारा' असे पुरते म्हणावे. एका प्रत्ययाचे श्रम ते काय!