ग्रीडी रंगवणं कधी हमखास जमतं?

पिंगुळी गावाची चित्रकथी आणि कळसूत्री बाहुल्या प्रसिद्धच. समजा, एका दिवशी अनेक खेळ आहेत. किमान किती मंच लागतील?

खेळ म्हणजे बिंदू, वेळा एकमेकींवर आल्या की रेषा, मंच म्हणजे रंग; रेषेने जोडलेल्या बिंदूंना वेगळे रंग हवेत. हा झाला 'इंटरव्हल ग्राफ'. सुरू होण्याच्या वेळेनुसार खेळ घ्या आणि प्रत्येकाला सर्वांत लहान क्रमांकाचा रिकामा मंच द्या; हेच 'ग्रीडी' रंगवणं. नवा मंच उघडतो तो आधीचे सगळे भरलेले असतानाच. म्हणून उत्तर नेहमी किमान!

क्रम मात्र महत्त्वाचा. अ-ब-क-ड साखळीत आधी दोन्ही टोकं एकाच रंगाने रंगवली, तर एकूण ३ रंग लागतात. खरं तर २ पुरतात. कुठलेही ४ बिंदू निवडले तरी नेमकी अशी साखळी जिथे सापडत नाही, तो 'कोग्राफ'. तिथे कोणताही क्रम चालतो. किती सुंदर!

#गणित #ग्राफथिअरी #पिंगुळी