बारीक रेघ उशिरा विझते

पेणच्या गणपती कारखान्यांत डोळ्यांची आखणी सरावलेल्या हाताकडेच जाते. समजा, मूर्तीवरची ट्यूबलाइट स्टार्टर बिघडून लुकलुकू लागली. अंधाराच्या त्या निमिषात नजरेतून आधी काय जाईल: ढोबळ पोट की पापणीची रेघ? ठळक ते टिकेल, असे आपण म्हणू. प्रयोगशाळेतले उत्तर उलटे आहे.

समोरचे चित्र गेले तरी ते क्षणभर दिसत राहते, हे जुनेच ज्ञान. १७६५ मध्ये पॅट्रिक द'आर्सीने निखारा गरगर फिरवून हा काळ मोजला. तो सुमारे ०.१३ सेकंद भरला. पण तो सगळ्या चित्रांना सारखा नसतो. १९७७ मध्ये ग्लेन मायर आणि विल्यम मग्वायर यांनी 'सायन्स'मध्ये एक साधा, देखणा प्रयोग मांडला. पडद्यावर उभे पट्टे क्षणभर दाखवायचे, मग पडदा कोरा, मग पुन्हा पट्टे. पट्टे अखंड दिसत राहतील इतपत कोरा काळ पाहणाऱ्याने स्वतः जुळवायचा. पट्टे जितके बारीक, तितका हा काळ लांबला.

डोळ्यापासून मेंदूकडे जाणारे मज्जामार्ग एकाच तऱ्हेचे नाहीत. एक चपळ: ढोबळ आकार आणि हालचाल टिपतो आणि लगेच गप्प होतो. दुसरा संथ: बारकावे तोच हाताळतो, उशिरा जागा होतो आणि उशिरा शांत होतो. अर्थात बारकावाच सगळे ठरवत नाही. पट्ट्यांतला काळ्या-पांढऱ्याचा फरक वाढवला की टिकण्याचा काळ घटतो. म्हणजे फिकट आणि बारीक रेघच जास्त रेंगाळते!

मग धावत्या गाडीतून सगळे एकमेकांत का मिसळत नाही? पेणहून रोह्याला जाताना, कासू-नागोठण्याच्या दरम्यान, खिडकीतून बाहेर बघणाऱ्या सहप्रवाशाचे डोळे पाहा. ते शेतांबरोबर मागे सरकतात आणि झटक्यात पुढे येतात. ब्रूनो ब्राइटमायर आणि लिओ गँझ यांनी १९७६ मध्ये मांडले की अशा प्रत्येक झटक्याला चपळ मार्ग जागा होतो आणि संथ मार्गात रेंगाळलेले मागचे चित्र दाबून टाकतो. या मांडणीवर पुढे बरेच वाद झाले, तरी मला ती पटते. ट्यूबलाइटखाली मूर्तीकडे एकटक बघणाऱ्याची नजर मात्र जागची हलत नाही, त्यामुळे डोळ्यांच्या झटक्याने होणारी ही पुसापुशी तिथे होत नाही.